वेब इंटेलिजन्समध्ये क्वेरी एकच, पण एसक्यूएल दोन? असं शोधा कारण

बिझनेस ऑब्जेक्ट्स या एसएपीच्या रिपोर्टिंग सॉफ्टवेअरमध्ये (वेब इंटेलिजन्स हे त्यातलंच रिपोर्ट बनवायचं साधन) रिपोर्ट संथ झाला किंवा टेबलात मधेच रिकामे सेल दिसायला लागले, तर सगळ्यात आधी क्वेरी पॅनेल उघडून व्ह्यू स्क्रिप्टवर क्लिक करा, एकाऐवजी दोन-तीन सिलेक्ट (डेटाबेसकडून डेटा मागणाऱ्या एसक्यूएल आज्ञा) दिसले की समजायचं क्वेरी फुटलीय.

आता लगेच सेटिंग बदलायला जाऊ नका, प्लीज. आधी फुटणं बरोबर आहे का ते बघा. समजा एका कस्टमरच्या १००० रुपयांच्या ३ विक्री नोंदी आहेत आणि २०० रुपयांच्या २ परतावा नोंदी. दोन्ही टेबलं कस्टमरवरून एकाच सिलेक्टमध्ये जोडली तर ६ ओळी होतात, म्हणजे विक्री ३००० ची ६००० आणि परतावा ४०० चा १२०० दिसणार! इथे दोन सिलेक्टच हवेत, रिकामा सेल म्हणजे त्या कस्टमरचा परतावाच नाही एवढंच.

पण दोन्ही मेजर (विक्री, परतावा यांसारखे बेरजेचे आकडे) एकाच टेबलातले वाटत असून क्वेरी फुटत असेल तर खरं शोधकाम. क्वेरीची कॉपी घ्या, एकेक मेजर काढत जा आणि दर वेळी स्क्रिप्ट बघा, ज्याच्या जाण्याने सिलेक्ट एकच उरतो तोच आपला माणूस. मग युनिव्हर्समध्ये (रिपोर्ट आणि डेटाबेस यांच्यामधला थर, टेबलं कशी जोडायची ते इथे ठरतं) त्याची व्याख्या उघडा. बऱ्याचदा एका मेजरमध्ये नुसतं नग असतात आणि दुसऱ्यात नग गुणिले प्रॉडक्ट टेबलातला भाव, म्हणजे दुसऱ्याला एक टेबल जास्त लागतं, आणि युनिव्हर्समधल्या बिझनेस लेयरच्या क्वेरी ऑप्शन्समध्ये ‘मल्टिपल एसक्यूएल स्टेटमेंट्स फॉर ईच मेजर’ला टिक असेल तर तेवढ्यावरूनही क्वेरी फुटते. शक्य असेल तर भाव ऑर्डरच्या ओळीवरचाच घ्या, तसाही विक्रीच्या दिवशीचा भाव तोच असतो.

मेजर ठीक निघाले तर युनिव्हर्समधले कॉन्टेक्स्ट (कोणते जॉइन, म्हणजे टेबलांच्या जोडण्या, एकत्र वापरायच्या त्यांचे गट) बघा. नवीन टेबल जोडलं, जॉइन टाकला, पण तो कॉन्टेक्स्टमध्ये घ्यायचाच राहिला, हे फार कॉमन आहे.

आकडे बरोबर आहेत, फक्त डेटाबेसकडे एकच एसक्यूएल जायला हवं असेल तर जॉइन_बाय_एसक्यूएल हा युनिव्हर्सचा पॅरामीटर यस करा, वरची मेजरवाली टिक तशीच ठेवून.

बदल पब्लिश करून स्क्रिप्ट परत बघा. काहीच फरक नसेल तर रिपोर्टमध्ये कस्टम स्क्रिप्ट (हाताने बदलून ठेवलेलं एसक्यूएल) चालू आहे का ते तपासा, ती असेल तर युनिव्हर्समध्ये काहीही बदला, जुनंच एसक्यूएल चालत राहणार.