जुन्या ऑटो-5 चा दणका कमी करायचा तर कडं तपासा

बेल्जियमच्या एफएन कारखान्यात 1902 पासून बनू लागलेल्या ब्राउनिंग ऑटो-5 या सेमी-ऑटोमॅटिक शॉटगनमध्ये (छऱ्यांची बंदूक) काडतुसाप्रमाणे बदलायची गॅसची सेटिंग नसतेच. बार उडाला की अख्खी नळी मागे येते. तिला आवरतात मॅगझिनवरची (नळीखालच्या, काडतुसं भरायच्या नळकांड्यावरची) स्प्रिंग, मॅगझिनला घासून अडवणारा ब्राँझचा ब्रेक आणि स्टीलचं कडं. बारा बोअरमध्ये (बोअर म्हणजे नळीच्या व्यासाचं माप) जोरदार काडतुसांसाठी कडं स्प्रिंग आणि ब्रेकच्या मधे, उतरती बाजू ब्रेककडे. हलक्यांसाठी तेच कडं स्प्रिंगच्या मागे, बॉडीला टेकवून. उलट बसलं तर? हलकं काडतूस नीट बाहेर पडत नाही, ते एक वेळ परवडलं. जड काडतुसाने मात्र खांदा शेकतो आणि पुढचं लाकूड तडकू शकतं. खोलण्याआधी बंदूक रिकामी करा, चेंबर (काडतूस बसतं ती जागा) बोटाने चाचपा. मॅगझिनवर तेल चोपडू नका, ब्रेक घसरतो.