मॉडेल डिझेल इंजिन खऱ्या इंजिनासारखे कसे चालवावे

नाशिकरोडवरून जाणारा मुख्य मार्ग अनेक दशकांपासून विजेवर चालतो, त्यामुळे नाशिककरांच्या डोळ्यांना विजेच्या इंजिनाचीच सवय आहे. डिझेल इंजिन जवळून पाहायचे आणि ऐकायचे तर पूर्वी मनमाड गाठावे लागे. तेथून दौंडकडे आणि औरंगाबादकडे (आताचे छत्रपती संभाजीनगर) निघणाऱ्या गाड्या वर्षानुवर्षे डिझेलवरच चालल्या. घरातल्या टेबलावर डब्ल्यूडीएम-२ या भारतीय रेल्वेच्या डिझेल इंजिनाचे मॉडेल चालवणाऱ्याने ते निघणे आठवावे किंवा त्याची जुनी चित्रफीत तरी पाहावी, कारण महागडे मॉडेलही खेळण्यासारखे दिसते ते बहुधा रंगामुळे नव्हे, तर चालवण्याच्या पद्धतीमुळे.

डब्ल्यूडीएम-२ ची मूळ रचना अमेरिकेतील अल्को कंपनीची. पहिली इंजिने १९६२ मध्ये तेथून आली आणि १९६४ पासून वाराणसीच्या कारखान्यात ती तयार होऊ लागली. सोळा सिलिंडर, २६०० अश्वशक्ती आणि ११२.८ टन वजन असलेल्या या यंत्रात डिझेल इंजिन चाके थेट फिरवत नाही. ते जनरेटर फिरवते आणि त्या विजेवर सहा आसांवरच्या सहा ट्रॅक्शन मोटारी, म्हणजे चाके फिरवणाऱ्या विजेच्या मोटारी, चालतात. चालकाच्या हाती आठ नॉच, म्हणजे शक्ती कमी-जास्त करण्याच्या पायऱ्या, असतात. उभ्या इंजिनाचे मिनिटाला सुमारे ४०० फेरे होतात आणि आठव्या नॉचला ते १००० पर्यंत पोहोचतात. नॉच वाढवल्याबरोबर इंधन वाढते, पण इंजिनात जास्तीची हवा दाबून भरणाऱ्या टर्बोचार्जरला वेग घ्यायला वेळ लागत असल्याने तेवढा वेळ हवा अपुरी पडते. अल्कोचा प्रसिद्ध काळा धूर निघतो तो याच काही क्षणांत. म्हणजे आधी आवाज वाढतो, मग धूर निघतो आणि त्यानंतर कोठे गाडी हलते. मॉडेलमध्ये हा क्रम आपणच आणायचा असतो, कारण त्याच्या पोटात १२ व्होल्टची एकच मोटार असते आणि ती कंट्रोलरचे बटण फिरवताक्षणी धावते.

सर्वप्रथम वेग मोजावा. एचओ या मॉडेल रेल्वेच्या मापात सगळे काही ८७ पटींनी लहान असते, म्हणून रुळाशेजारी बरोबर एक मीटर अंतरावर दोन खुणा कराव्यात आणि इंजिनाचे नाक पहिल्या खुणेपासून दुसरीपर्यंत जायला किती सेकंद लागतात ते पाहावे. ५.२ सेकंद लागले, तर तो खऱ्या रुळावरचा ताशी ६० किलोमीटरचा वेग होय, १०.४ सेकंद म्हणजे ३० आणि २.६ सेकंद म्हणजे १२०, जी या इंजिनाची कमाल मर्यादा आहे. नवे मॉडेल पूर्ण व्होल्टेजवर ही मर्यादा सहज ओलांडते. मालगाडी लावली असेल, तर मीटरभर जायला सहा-सात सेकंद लागू द्यावेत. पाहणाऱ्याला ते संथ वाटले तरी चालेल.

रुळांना दिलेले व्होल्टेज कमी-जास्त करणारा साधा डीसी कंट्रोलर असल्यास बटण एकसारखे फिरवू नये. थोडे फिरवून थांबावे, डब्यांची कपलिंगे (जोडण्या) एकामागून एक ताणली जाऊ द्यावीत आणि मगच पुढचा टप्पा घ्यावा. रुळांतून आदेश पाठवणारी डिजिटल डीसीसी प्रणाली असेल, तर हेच काम ते आदेश पाळणाऱ्या, इंजिनातल्या डिकोडरवर सोपवता येते, मात्र मूल्ये भरण्याचा क्रम महत्त्वाचा आहे. आधी इंजिन दोन्ही दिशांना अर्धा-अर्धा तास मोकळे चालवावे, कारण थंड आणि नव्या यंत्रणेवर घेतलेली मापे नंतर बदलतात. मग सीव्ही २ मध्ये (सीव्ही म्हणजे डिकोडरमधली क्रमांक दिलेली सेटिंग) असे मूल्य भरावे की वेगाच्या पहिल्या पायरीला इंजिन जेमतेम सरकेल. त्यानंतर सीव्ही ५ ने कमाल वेग आवरावा आणि तो एक मीटरच्या खुणांवर पुन्हा मोजावा. वेग वाढण्याचा कालावधी ठरवणारा सीव्ही ३ शेवटी हाताळावा. तो दहाच्या आसपास ठेवून सुरुवात करावी आणि गाडी निघताना जडपणा जाणवेपर्यंत वाढवत न्यावा. थांबण्यासाठी असलेला सीव्ही ४ मात्र, माझ्या मते, घरगुती मांडणीत कमीच बरा. खरी गाडी थांबायला लांबच लांब अंतर घेते हे खरे, पण तिच्यापुढे टेबलाची कड नसते.

मॉडेल रुळावर हाताने ढकलू नये. खऱ्या इंजिनाची चाके वीज बंद असतानाही फिरू शकतात. मॉडेलमध्ये मोटारीची गती वर्म गिअरमार्फत, म्हणजे स्क्रूसारख्या दातेरी दांड्यामार्फत, चाकांपर्यंत जाते आणि तो उलट बाजूने फिरत नाही, म्हणून ढकलल्यास दात झिजतात. वीज क्षणभर तुटली की मॉडेल जागीच अडखळते तेही यामुळेच. मोटारीच्या दोन्ही टोकांची फ्लायव्हील, म्हणजे गती टिकवणारी जड चक्रे, हा धक्का थोडा सौम्य करतात, पण खरा उपाय स्वच्छतेचा आहे. नाशिकच्या उन्हाळ्यातली धूळ आणि पावसाळ्यातली दमट हवा यांनी रूळ लवकर मळतात. आयसोप्रोपिल अल्कोहोलने ओलसर केलेला टिश्यू पेपर रुळांवर पसरावा, इंजिनाची एक बोगी (खालचा चाकांचा संच) त्यावर आणि दुसरी उघड्या रुळावर ठेवून वीज द्यावी आणि इंजिन हलकेच धरून ठेवावे. काही सेकंदांत कागदावर दोन काळ्या रेघा उमटतात. मग बोग्यांची जागा बदलावी. प्लॅस्टिकला न खाणाऱ्या तेलाचा सुईच्या टोकावर मावेल एवढाच थेंब गिअरला पुरतो.

कसारा-इगतपुरी घाटाची नक्कल करण्याचा मोह नाशिककराला हमखास होतो. तेथला चढ ३७ ला १ आहे, म्हणजे टेबलावर मीटरमागे २.७ सेंटीमीटर उंची. त्यावर चार-पाच डब्यांपुढे एकटे इंजिन घसरू लागले, तर दुसरे जोडावे, पण आधी दोन्ही इंजिने त्याच खुणांवर मोजून सीव्ही ५ ने त्यांचे वेग जुळवून घ्यावेत. खऱ्या घाटात बँकर, म्हणजे मदतीची जादा इंजिने, मागून रेटा देतात. मॉडेलमध्ये मागून ढकलल्यास हलके डबे वळणावर रुळावरून उतरतात, म्हणून दोन्ही इंजिने पुढेच लावावीत.