परसबागेत चुना टाकताय? नाशिककरांनो, या चुका टाळा

गंगापूर रोडच्या आमच्या परसात दोन वर्षांपूर्वी टोमॅटोचे शेंडे पिवळे पडले. कोवळी पानं पिवळी, शिरा मात्र हिरव्यागार. एका रोपवाटिकेत सांगितलं, "जमीन आंबट झालीय, चुना टाका." टाकला. पंधरा दिवसांत शेंडे पांढुरके झाले. झाडांना लोह कमी पडत होतं, आणि चुन्यामुळे जे होतं तेही मुळांना मिळेना.

माती न तपासता चुना टाकणं ही सगळ्यात महागात पडणारी चूक. नाशिक शहर, निफाड, सिन्नर, येवला इथली काळी माती बेसाल्ट खडकाची; तिचा सामू (pH: 7 च्या खाली माती आम्ल म्हणजे आंबट, वर अल्कधर्मी; चुन्याने तो वाढतो) बहुतेक ठिकाणी 7.5 च्या वरच. बहुतेक भाज्यांना 6 ते 7 सामू मानवतो. खणताना पांढरे खडे लागत असतील तर चुनखडी मातीत आधीच आहे. इगतपुरी, त्र्यंबकेश्वर, पेठ, सुरगाण्याकडे गोष्ट वेगळी. तिथला धो धो पाऊस तांबड्या, हलक्या मातीतलं कॅल्शियम, मॅग्नेशियम धुऊन नेतो. चुन्याची गरज पडते ती अशा जमिनीला.

घरच्या घरी एवढं करून बघा: चमचाभर वाळलेली माती बशीत घ्या, वर व्हिनेगरचे थेंब सोडा. बारीक चर्र आवाज होऊन बुडबुडे आले, की चुन्याची पिशवी उघडूच नका. बुडबुडे आले नाहीत म्हणून माती आम्लच आहे असं मात्र समजू नका. तेव्हा माती परीक्षण करून घ्या. वाफ्यातल्या आठ-दहा जागांवरून वीतभर खोलीपर्यंतची माती घ्या, एकत्र करून सावलीत वाळवा आणि त्यातली अर्धा किलो प्रयोगशाळेत द्या. उकिरड्याजवळची किंवा नुकतंच खत घातलेली माती घेऊ नका, सगळा अहवाल चुकतो.

सामू खरंच 6 च्या खाली आला तर दळलेली चुनखडी वापरा. कळीचा चुना (पाण्यात न विरवलेला) हात भाजतो, मुळंही जाळतो. विरवलेला चुना चालतो, पण 100 ग्रॅम चुनखडीच्या जागी तो 75 ग्रॅम पुरतो. जिप्समने सामू वाढत नाही. चुना समजून ते आणणारे बरेच भेटतात. हलक्या मातीत चौरस मीटरला 150 ते 200 ग्रॅम चुनखडी पुरे. ती वर भुरभुरून ठेवली तर तिथेच पडून राहते. लागवडीच्या महिनाभर आधी वीतभर खोल मिसळा आणि ओल ठेवा. परिणाम दिसायला काही महिने लागतात, म्हणून अधीर होऊन दुसरा हात देऊ नका.

युरिया किंवा ताजं शेणखत चुन्याबरोबर कधीच घालू नका. नत्र अमोनिया होऊन उडून जातं, वासानेच कळतं. मध्ये तीन आठवडे तरी जाऊ द्या.

चुना आधीच जास्त पडला असेल तर चुलीची राखही बंद करा, तीही सामू वाढवते. कुजलेलं शेणखत भरपूर घाला. पिवळ्या शेंड्यांवर संध्याकाळी लिटरभर पाण्यात 5 ग्रॅम हिराकस (फेरस सल्फेट, यातून लोह मिळतं) आणि 1 ग्रॅम सायट्रिक आम्ल मिसळून फवारा, आधी दोन झाडांवर. आमचे टोमॅटो याच फवारणीने सावरले. नवी पानं हिरवी फुटली, जुनी पांढुरकी मात्र तशीच राहिली.