येऊ घातलेल्या फोनच्या बातम्या कशा पारखाव्यात?

नाशिकच्या महात्मा गांधी रोडवर, प्रधान पार्कच्या गाळ्यांमध्ये, फोन बाजारात येण्याआधीच त्याची कव्हरे टांगलेली दिसू लागतात. मागे एकदा असेच एक कव्हर मी हातात घेऊन नीट पाहिले. पाकिटावर न आलेल्या फोनचे नाव छापलेले होते, कॅमेऱ्यासाठी कापलेली जागा जुन्या फोनपेक्षा बरीच रुंद होती आणि उजव्या कडेला नेहमीच्या बटणाखाली आणखी एक लांबट खाच होती. दुकानदार म्हणाला, "सर, फोन असाच येणार, किंमत मागच्याएवढीच राहणार आणि दसऱ्याच्या आधी हातात मिळणार." कॅमेऱ्याची जागा आणि बटणाची खाच याबद्दल त्याचे म्हणणे ऐकण्यासारखे होते, कारण कव्हर बनवणाऱ्याला फोनची मापे कुठून तरी मिळालेली असतात. किंमत आणि तारीख मात्र कव्हर बनवणाऱ्याला कळण्याचे काही कारणच नव्हते.

बातमी पारखण्याची सगळी पद्धत या एका कव्हरात आहे. प्रत्येक बातमी कुठल्या तरी विशिष्ट ठिकाणाहून फुटते आणि त्या ठिकाणाला फोनबद्दलची एखाद-दुसरीच गोष्ट माहीत असते. तेवढ्या गोष्टीपुरताच विश्वास ठेवावा, तिच्या पुढचे सारे सांगणाऱ्याच्या पदरचे समजावे. सातपूर-अंबडच्या कारखान्यात काम करणाऱ्या कितीतरी जणांसाठी चांगला फोन म्हणजे महिन्याभराच्या पगाराएवढी खरेदी असते आणि तिचे हप्ते वर्षभर फेडावे लागतात. म्हणून ही पारख शिकून घेण्याइतकी महत्त्वाची आहे, असे मला मनापासून वाटते.

पहिली पायरी : बातमीचे मूळ गाठा

लासलगावच्या कांद्याचा भाव कोणी फोनवरून सांगितला, तर आपल्याकडचा शेतकरी लगेच विचारतो की भाव कोणत्या दिवसाचा, कोणत्या बाजार समितीचा, आणि सरासरीचा की सर्वांत वरचा. हेच प्रश्न फोनच्या बातमीलाही विचारावेत. "सूत्रांच्या माहितीनुसार" किंवा "एका अहवालात म्हटले आहे" अशी वाक्ये दिसली, की तो अहवाल कोणाचा हे शोधावे आणि त्या बातमीतून मागच्या बातमीत, तिथून आणखी मागच्या बातमीत जावे. बहुतेक वेळा दहा ठिकाणी वाचलेली गोष्ट शेवटी एकाच माणसाच्या एका ओळीच्या संदेशापाशी येऊन थांबते. दहा घागरी भरलेल्या असल्या तरी विहीर एकच असते. अशा बातमीला दहा साक्षीदार मिळाले असे न समजता एकच साक्षीदार आहे असे मानावे, आणि त्याने याआधी सांगितलेले खरे ठरले होते का, हे त्याच्या जुन्या नोंदी उघडून पाहावे.

दुसरी पायरी : ती कुठून फुटली ते ओळखा

या पायरीवर सर्वांत जास्त वेळ द्यावा, कारण खरे-खोटे इथेच उलगडते.

भारतात विकायचा मोबाइल फोन भारतीय मानक ब्यूरोकडे सक्तीच्या नोंदणी योजनेखाली नोंदवावा लागतो. त्या नोंदीत कंपनीचे नाव, कारखान्याचा पत्ता आणि मॉडेल क्रमांक असतो. त्यामुळे "अमुक फोन मानक ब्यूरोच्या यादीत दिसला" ही बातमी आली, तर हा मॉडेल क्रमांक भारतात आणण्याची कंपनीची तयारी चालू आहे, एवढे खात्रीने समजावे. कॅमेरा किती मेगापिक्सेलचा, रंग कोणते आणि किंमत किती, यातले काहीही त्या यादीत नसते. बातमीत ते असेल, तर ते दुसरीकडून आणून जोडलेले आहे.

चीनमधील थ्री-सी या सक्तीच्या सुरक्षा प्रमाणपत्रातून साधारणपणे चार्जिंगची क्षमता कळते, तर तिथल्या टेना या संस्थेच्या नोंदीत फोनची मापे, वजन, बॅटरी आणि पुष्कळदा छायाचित्रेही असतात. बॅटरीचा आकडा वाचताना एक बारकावा लक्षात ठेवावा. अशा नोंदींत बहुधा बॅटरीची किमान हमी असलेली क्षमता लिहिलेली असते आणि जाहिरातीत सरासरी क्षमता सांगितली जाते, म्हणून नोंदीतला आकडा थोडा कमी दिसतो. त्यावरून कंपनीने बॅटरी लहान केली अशी ओरड करणारी बातमी बाजूला ठेवावी. अमेरिकेच्या एफसीसी या दूरसंचार नियामक संस्थेकडे चाचणीची कागदपत्रे जातात, पण फोनची छायाचित्रे काही काळ गोपनीय ठेवण्याची मागणी कंपनीला करता येते. त्यामुळे तिथून मुख्यतः कोणती नेटवर्क आणि कोणते बिनतारी तंत्र चालेल एवढे समजते.

गीकबेंचसारख्या वेगचाचणीच्या यादीत मॉडेल क्रमांक, प्रोसेसर आणि रॅम दिसते. तिथे आठ जीबीच्या फोनची रॅम साडेसातच्या आसपास दाखवलेली असते, त्यात गैर काही नाही. मात्र ही नोंद कोणालाही चढवता येते आणि फोनचे नाव बदलून खोटी नोंद करणे फारसे कठीण नसते. शिवाय कच्च्या सॉफ्टवेअरवर चालणाऱ्या नमुना फोनचे गुण आणि विक्रीच्या फोनचे गुण यांत बराच फरक पडू शकतो. प्रोसेसरचे नाव मनात ठेवावे, गुणांचा आकडा सोडून द्यावा.

आता पुन्हा कव्हरांकडे येऊ. कव्हर आणि टेम्पर्ड काच बनवणाऱ्यांना फोन येताच माल विकायचा असतो, म्हणून ते मिळालेल्या मापांवर पैसे लावतात. त्यामुळे त्यांची मापे बऱ्याचदा बरोबर निघतात, पण नेहमीच नाही. २०११ साली आयफोन ५ या नावाने, वर जाड आणि खाली निमुळत्या होत जाणाऱ्या फोनसाठी कव्हरे तयार झाली होती. ४ ऑक्टोबर २०११ रोजी ॲपलने जाहीर केला तो आयफोन ४एस, आणि त्याचा सांगाडा जवळपास आधीच्या आयफोन ४ सारखाच होता. म्हणजे पैसे लावणाराही फसतो.

पेटंटच्या बातम्या झटपट ओलांडून पुढे जावे. कंपन्या दरवर्षी असंख्य कल्पना नोंदवतात आणि त्यांतल्या बऱ्याचशा कधीच दुकानात पोहोचत नाहीत.

याउलट ज्या बातमीमागे कायदा उभा असतो तिला सर्वांत जास्त वजन द्यावे. युरोपीय संघाने २०२२ मध्ये नियम केला की २८ डिसेंबर २०२४ पासून तिथे विकल्या जाणाऱ्या नव्या फोनना यूएसबी-सी चार्जिंग हवेच. त्यानंतर आयफोनची जुनी लाइटनिंग जोडणी जाणार हे कळायला कुठल्याही गुप्त सूत्राची गरज उरली नव्हती. प्रश्न फक्त कोणत्या वर्षी एवढाच होता, आणि सप्टेंबर २०२३ च्या आयफोन १५ मध्ये तो सुटला.

तिसरी पायरी : ती बातमी भारतातल्या फोनची आहे का?

एकाच नावाचा फोन प्रत्येक देशात सारखाच असतो, हा समज आधी सोडावा. शाओमी १५ ऑक्टोबर २०२४ मध्ये चीनमध्ये आला तेव्हा त्यात ५,४०० एमएएचची बॅटरी होती. मार्च २०२५ मध्ये तोच फोन भारतात आला तो ५,२४० एमएएचची बॅटरी घेऊन. जानेवारी २०२४ मधील सॅमसंग गॅलेक्सी एस२४ आणि एस२४ प्लस अमेरिकेत स्नॅपड्रॅगन प्रोसेसरवर, तर भारतात एक्सिनॉस २४०० वर मिळाले. अमेरिकेतल्या फोनची चाचणी पाहून कॉलेज रोडच्या दुकानात फोन घेणारा ग्राहक वेगळ्याच प्रोसेसरचा फोन घरी नेत होता. म्हणून बातमी किंवा चाचणी वाचताना मॉडेल क्रमांकाची शेवटची अक्षरे पाहावीत आणि तो क्रमांक मानक ब्यूरोच्या यादीतल्या क्रमांकाशी ताडून पाहावा.

सुविधांचेही तसेच आहे. आयफोनवरून संकटकाळी उपग्रहाद्वारे संदेश पाठवता येईल अशी चर्चा २०२१ मध्ये आयफोन १३ च्या आधी जोरात होती. ती सुविधा प्रत्यक्षात सप्टेंबर २०२२ च्या आयफोन १४ सोबत जाहीर झाली आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये सुरू झाली, तीही अमेरिका आणि कॅनडातच. बातमी खरी होती, पण वर्ष चुकले आणि नाशिकच्या ग्राहकाला तिचा उपयोगही झाला नाही. त्या एका सुविधेसाठी २०२१ मध्ये खरेदी लांबवणाऱ्याचे वर्ष वाया गेले असते.

चौथी पायरी : किमतीचा हिशेब स्वतः मांडा

किमतीची अफवा सहसा डॉलरमध्ये येते आणि तिला रुपयाच्या दराने गुणून बातमी केली जाते. त्यात दोन गोष्टी राहून जातात. अमेरिकेत सांगितलेल्या किमतीत विक्रीकर धरलेला नसतो, आणि भारतातल्या किमतीत १८ टक्के जीएसटी आतच असतो (मोबाइलवरचा हा दर १ एप्रिल २०२० पासून १२ वरून १८ टक्के झाला).

वहीत मांडून पाहा. आयफोन १५ ची अमेरिकेतली किंमत ७९९ डॉलर होती. सप्टेंबर २०२३ मध्ये डॉलर सुमारे ८३ रुपयांना होता, म्हणजे ६६,३१७ रुपये झाले. त्यावर १८ टक्के कर लावला की सुमारे ७८,२५० रुपये होतात. भारतात तो ७९,९०० रुपयांना आला. हिशेब जवळपास जुळला. आता आयफोन १५ प्रो घ्या. ९९९ डॉलरचे ८३ च्या दराने ८२,९१७ रुपये आणि करासह सुमारे ९७,८५० रुपये होतात. भारतातली किंमत मात्र १,३४,९०० रुपये होती. त्या वर्षीचा प्रो भारतात जुळवला जात नव्हता, बाहेरून येत होता, आणि त्या वेळी फोनवर २० टक्के मूळ आयात शुल्क होते. शुल्क धरूनही जो फरक उरतो तो कंपनीच्या स्वतःच्या धोरणाचा. जुलै २०२४ च्या अर्थसंकल्पात हे मूळ शुल्क १५ टक्क्यांवर आले. तेव्हा किमतीची अफवा वाचताना फोन भारतात जुळवला जाणार की आयात होणार हे आधी पाहावे, कारण रुपयांचा मोठा फरक तिथेच पडतो.

खोक्याच्या छायाचित्रावरून फुटलेल्या किमतीकडेही सावधपणे पाहावे. खोक्यावर छापलेली असते ती कमाल किरकोळ किंमत, आणि बरेच फोन तिच्यापेक्षा कमी दराने विकले जातात. "फक्त इतक्या रुपयांत" अशा आकड्यात बँकेच्या कार्डाची सवलत आणि जुन्या फोनचे एक्स्चेंज आधीच वजा केलेले असू शकते.

पाचवी पायरी : तारखेला फार भाव देऊ नका

नव्या क्रमांकाचे मुख्य आयफोन २०२१ पासून २०२५ पर्यंत दरवर्षी सप्टेंबरमध्येच जाहीर झाले, त्यामुळे "पुढचा आयफोन सप्टेंबरमध्ये" ही बातमी नसून कोणालाही करता येणारा अंदाज आहे. २०२० मध्ये मात्र तो ऑक्टोबरवर गेला होता. कंपनीने स्वतः दिलेली तारीखही टळू शकते. गॅलेक्सी फोल्ड २६ एप्रिल २०१९ ला अमेरिकेत विक्रीला यायचा होता, पण परीक्षणासाठी दिलेल्या फोनचे पडदे बिघडले आणि तो सप्टेंबरमध्ये आला.

सहावी पायरी : थांबायचे की घ्यायचे?

वहीच्या एका पानावर सध्याच्या फोनच्या अडचणी लिहाव्यात : बॅटरी दुपारपर्यंत टिकते का, सुरक्षेचे अपडेट येतात का, जागा पुरते का. शेजारी फक्त त्याच अफवा लिहाव्यात ज्या या अडचणी सोडवतील आणि ज्या वरच्या पायऱ्यांवर टिकल्या आहेत. पुष्कळांचा उजवा रकाना जवळजवळ रिकामा राहतो. फोन बंद पडत असेल, बँकेचे ॲप चालत नसेल, तर थांबू नये. फोन ठीक चालत असेल तर थांबावे, पण पानाच्या तळाशी एक तारीख लिहावी, दसरा किंवा पाडवा, आणि त्या दिवसापर्यंत अधिकृत घोषणा झाली नाही तर बाजारात असलेल्या फोनमधून निवड करावी.

थांबण्याचा भरवशाचा फायदा बहुधा नव्या फोनपेक्षा जुन्यावर मिळतो. सप्टेंबर २०२४ मध्ये आयफोन १६ जाहीर होताच आयफोन १५ ची अधिकृत किंमत ७९,९०० वरून ६९,९०० रुपये झाली. प्रो मॉडेलच्या बाबतीत असे सहसा होत नाही. नवा प्रो आला की जुना कंपनीच्या यादीतून काढून टाकला जातो आणि दुकानात उरलेला माल कोणत्या दराने मिळेल हे त्या दुकानावर अवलंबून राहते.

सातवी पायरी : घोषणेआधी पैसे देऊ नका

माझ्या भाच्याला व्हॉट्सॲपवर एक दुवा आला. न आलेल्या फोनची "आगाऊ नोंदणी, फक्त ९९९ रुपये". पान अगदी खऱ्यासारखे दिसत होते, त्याने यूपीआयने पैसे भरले आणि दोन दिवस नोंदणी क्रमांकाची वाट पाहिली. मला सांगितले तेव्हा उशीर झाला होता. कंपनीने स्वतः फोन जाहीर करून नोंदणी सुरू केल्याशिवाय, दुवा असो की ओळखीचा दुकानदार, एक रुपयाही देऊ नये. पैसे गेलेच तर त्याच क्षणी १९३० या सायबर मदत क्रमांकावर फोन करावा, कारण पैसे पुढच्या खात्यांत सरकण्याआधी अडवण्याची संधी पहिल्या काही तासांतच सर्वांत जास्त असते.

फोन प्रत्यक्षात आला आणि आपण गाळ्यात उभे असलो, तरी खोके उघडण्याआधी त्यावरचा पंधरा अंकी आयएमईआय क्रमांक, म्हणजे त्या फोनचा स्वतःचा ओळख क्रमांक, पाहावा. इंग्रजीत केवायएम, मग एक जागा सोडून तो क्रमांक, असा एसएमएस १४४२२ ला पाठवावा. उत्तरात कंपनीचे आणि मॉडेलचे नाव येते. ते खोक्यावरच्या नावाशी जुळले, तर सील फोडून फोन चालू करावा, *#०६# दाबून पडद्यावर येणारा क्रमांक खोक्यावरच्या क्रमांकाशी ताडून पाहावा आणि तोच क्रमांक लिहिलेले जीएसटीचे पक्के बिल हातात आल्यावरच पैसे द्यावेत.