दिल्ली ते टोकियो: विमानाचं अंतर आणि प्रवासाचा वेळ कसा काढायचा

दोन शहरांमधलं अंतर शोधलं की आकडा लगेच मिळतो. तो नेमका कशाचा आहे, हे मात्र सहसा कुणी लिहीत नाही. हा हिशेब शिकायला दिल्ली–टोकियो ही जोडी चांगली, कारण वाटेतल्या बहुतेक सगळ्या अडचणी तिच्यात येतात.

१. आधी विमानतळ ठरवा

टोकियोला दोन आहेत, हानेदा आणि नारिता. हवेतल्या अंतरात त्यामुळे फारसा फरक पडत नाही. पण हानेदा शहराला लागून आहे, तर नारिता मध्य टोकियोपासून सुमारे ६० किलोमीटर लांब.

२. अंतर गोलावर मोजा

सपाट नकाशावर पट्टी ठेवून उपयोग नाही. पृथ्वीच्या गोलावर दोन ठिकाणांमध्ये दोरा ताणून धरा, किंवा गूगल अर्थमधली मोजपट्टी वापरा. दिल्ली ते हानेदा सुमारे ५,८६० किलोमीटर भरतं.

हा दोरा दिल्लीहून ईशान्येला, तिबेटवरून जातो. विमानं मात्र सहसा तिथून जात नाहीत. केबिनमधला हवेचा दाब गेला तर विमानाला साधारण १०,००० फुटांपर्यंत खाली यावं लागतं आणि तिबेटचं पठारच त्याहून उंच आहे. म्हणून दक्षिणेकडून वळसा पडतो. सरळ अंतरात पाच ते दहा टक्के वाढवा. ६,२०० किलोमीटर धरायला हरकत नाही.

३. अंतराला वेगाने भागा

मोठी प्रवासी विमानं ताशी ८५० ते ९०० किलोमीटर वेगाने उडतात. ८७० धरला तर सात तासांहून थोडं जास्त होतं. धावपट्टीपर्यंत जाणं, वर चढणं, खाली उतरणं यासाठी अर्धा-पाऊण तास मिळवा. झाले पावणेआठ.

४. वाऱ्याचा हिशेब धरा

इथेच बहुतेकांचं गणित चुकतं. जाताना आणि येताना सारखाच वेळ लागेल, असं आपण धरून चालतो. पण जपानच्या वर, विमानं उडतात त्या उंचीवर, पश्चिमेकडून पूर्वेकडे जोरदार वारा वाहतो आणि हिवाळ्यात तो ताशी २०० किलोमीटरच्याही पुढे जातो. १९२० च्या दशकात वासाबुरो ओइशी या जपानी शास्त्रज्ञाने फुगे सोडून तो मोजला होता. निष्कर्ष छापले एस्पेरांतो या मुद्दाम घडवलेल्या भाषेत, त्यामुळे बाहेर फारसं कुणी वाचलं नाही. तर, टोकियोला जाताना हा वारा पाठीशी असतो आणि परतताना समोरून येतो. म्हणून जाताना साडेसातेक तास लागतात, येताना साडेनऊच्या आसपास.

५. तिकिटाशी ताडून पाहा

तिकिटावरच्या वेळा त्या-त्या शहराच्या असतात, त्यामुळे थेट वजाबाकी करू नका. टोकियोचं घड्याळ दिल्लीच्या साडेतीन तास पुढे आहे. समजा, दिल्लीहून रात्री ८ ला निघून सकाळी ७ ला पोहोचायचंय. दिसायला अकरा तास. त्यातून साडेतीन वजा केले की साडेसात. परतीला उलटं: सकाळी ११:३० ते संध्याकाळी ५:३० हे सहा तास दिसतात, त्यात साडेतीन मिळवा, साडेनऊ झाले. भारत आणि जपान दोन्हीकडे उन्हाळ्यात घड्याळ पुढे करत नाहीत, त्यामुळे हा फरक वर्षभर तोच राहतो. लेबनॉनमधल्या बैरुतसारख्या, उन्हाळ्यात घड्याळ पुढे करणाऱ्या शहराचा हिशेब करताना मात्र महिना पाहावा लागतो.

वाटेत विमान बदलायचं असेल, तर दोन्ही टप्पे असेच वेगवेगळे काढा आणि मधला थांबा त्यात मिळवा.