वास्तुमॉडेलसाठी छोटी झाडे: सोलापुरात सहज मिळणाऱ्या साहित्यातून कडुलिंब, बाभूळ आणि अशोक

वास्तुरचनेच्या मॉडेलमध्ये झाड दोन कामांसाठी लावायचे असते. इमारत किती उंच आहे हे पाहणाऱ्याच्या चटकन लक्षात यावे आणि त्या जागेवर सावली कुठे पडणार आहे हे दिसावे. बाजारात पाकिटातून मिळणारी प्लॅस्टिकची तयार झाडे ही दोन्ही कामे क्वचितच नीट करतात, कारण एका पाकिटातील सगळी झाडे बहुधा एकाच मापाची, एकाच पोपटी रंगाची आणि पुष्कळदा थंड प्रदेशातील सूचिपर्णी वृक्षांच्या आकाराची असतात. होटगी रस्त्यावरील बंगल्याच्या दारात असे झाड उभे केले की ते मॉडेल सोलापूरचे राहत नाही. म्हणून येथे कडुलिंब, बाभूळ, गुलमोहर आणि उभा अशोक ही आपल्या रस्त्यांवर, बांधांवर आणि आवारांत रोज दिसणारी झाडे घरी कशी करायची ते सांगितले आहे. वास्तुरचनेच्या विद्यार्थ्यांना ज्यूरीच्या, म्हणजे परीक्षकांसमोर मॉडेल मांडण्याच्या, आधीच्या रात्री घाई होते हे खरे. पण झाडे आठवडाभर आधी करून ठेवता येतात, आणि ठेवावीतच.

सुरुवात मापाने करावी. झाड हाताला येईल तसे वळून मग ते मॉडेलवर कसे दिसते हे पाहणे, ही पद्धत जवळजवळ नेहमीच फसते, कारण झाड दोन सेंटीमीटरने चुकले तरी दुमजली घर एकमजली वाटू लागते. कडुलिंबाचे पूर्ण वाढलेले झाड 12 ते 15 मीटर उंच धरावे आणि त्याचा विस्तार 8 ते 10 मीटर धरावा. बाभूळ 7 ते 10 मीटर उंच घ्यावी. गुलमोहर 8 ते 10 मीटर उंच, पण त्याचा पसारा उंचीइतका किंवा त्याहून अधिक असतो. कुंपणालगत लावतात तो उभा अशोक 10 ते 12 मीटर उंच असूनही जेमतेम दीड-दोन मीटर रुंद असतो. 1:100 या प्रमाणात एक मीटर म्हणजे एक सेंटीमीटर, त्यामुळे 12 मीटरचा कडुलिंब 12 सेंटीमीटरचा होतो. 1:200 मध्ये तोच 6 सेंटीमीटरचा आणि 1:500 मध्ये 2.4 सेंटीमीटरचा होतो. ही मापे एका पुठ्ठ्यावर आडव्या रेघांनी आखून तो पुठ्ठा भिंतीला टेकवून ठेवावा आणि प्रत्येक झाड वळताना त्याच्यासमोर धरून पाहावे. त्याच पुठ्ठ्यावर 1.65 मीटर उंचीचा माणूसही काढून ठेवला तर खोड कुठवर मोकळे ठेवायचे आणि पहिली फांदी कोठून फुटू द्यायची याचा अंदाज आपोआप येतो, कारण रस्त्याकडेच्या कडुलिंबाखालून माणूस न वाकता जातो.

आता कडुलिंब करू. ही कृती सर्वांत सविस्तर देतो, कारण हे झाड जमले की वड, चिंच आणि आंबा याच हाताने होतात.

खोड आणि फांद्या यांसाठी घरातील वीजजोडणीची तांब्याची वायर उत्तम. वायरमनकडे कामातून उरलेले तुकडे असतात, ते मागावेत. नवी वायर विकत घेण्याची गरज नसते. 2.5 चौरस मिलिमीटरच्या वायरीत बनावटीनुसार 36 किंवा 50 बारीक तारा असतात. 1:100 च्या कडुलिंबासाठी अशा वायरीचे 18 सेंटीमीटरचे दोन तुकडे घ्यावेत, कटरने वरचे वेष्टण सोलून काढावे आणि सगळ्या तारा एकत्र जुळवाव्यात. उंची 12 सेंटीमीटर हवी असताना 18 सेंटीमीटर घ्यायचे, कारण अडीच सेंटीमीटर मुळांसाठी लागतात आणि पिळण्यात व बाक देण्यात बाकीची लांबी जाते. जुडगा खालून अडीच सेंटीमीटर सोडून पक्कडीत धरावा आणि त्याच्या वरचा तीन सेंटीमीटरचा भाग घट्ट पिळावा. हे झाले खोड. पुढे तारांचे तीन किंवा चार गट करावेत आणि ते गट मुद्दाम असमान ठेवावेत: एका गटात तीस तारा, दुसऱ्यात वीस, तिसऱ्यात उरलेल्या. प्रत्येक गट दीड-दोन सेंटीमीटर पिळून पुन्हा दोन भागांत फोडावा, आणि असे करत शेवटी टोकाला दोन-दोन किंवा एकेक तार मोकळी राहू द्यावी. सगळे फाटे एकाच उंचीवर फुटले तर झाड छत्रीच्या काड्यांसारखे दिसते. म्हणून एक फाटा खाली, दुसरा किंचित वर, तिसरा आणखी वर असे करावे.

पिळून झाल्यावर फांद्या मापाच्या पुठ्ठ्यासमोर धरून वाकवाव्यात. कडुलिंबाच्या मुख्य फांद्या वर चढत बाहेर पसरतात आणि माथा साधारण गोल होतो, पण काटेकोर गोल कधीच नसतो. खरे झाड पाहून घेणे येथे सर्वांत उपयोगी पडते. सिद्धेश्वर तलावाच्या काठाने किंवा किल्ल्याच्या बाजूने सकाळी एक फेरी मारावी आणि पानांकडे न पाहता फांद्यांमधून आकाश कुठे कुठे दिसते ते पाहावे. ती मोकळी जागा तारांमध्ये ठेवली तरच झाड हलके दिसते. खाली सोडलेल्या तारांपैकी चार-पाच बाजूला वळवून मुळांसारख्या जमिनीलगत पसराव्यात आणि उरलेल्या एकत्र पिळून त्यांची खुंटी करावी, जी पुढे तळाच्या छिद्रात बसते.

नुसत्या तारांचे खोड दोन-तीन मिलिमीटरपेक्षा जाड होत नाही, आणि पूर्ण वाढलेल्या कडुलिंबाचे खोड 1:100 मध्ये पाचेक मिलिमीटर दिसायला हवे. ही जाडी लेपाने आणावी. सुतार पॉलिश पेपर मारताना खाली पडते ती लाकडाची पीठासारखी धूळ चहाच्या गाळणीने गाळून घ्यावी, तीत फेविकॉल आणि थोडा करडा-तपकिरी पोस्टर रंग घालून दाटसर लेप करावा आणि जुन्या ब्रशने खोडावर व जाड फांद्यांवर खालून वर ओढत लावावा. ब्रशच्या ओरखड्यांनीच सालीचा पोत तयार होतो. पहिला थर पूर्ण वाळल्यावर फक्त खोडावर आणि बुंध्याशी दुसरा थर द्यावा. सोलापूरच्या उन्हाळ्यात थर दोन-तीन तासांत वाळतो, पावसाळ्यात मात्र रात्रभर थांबावे. वाळल्याशिवाय दुसरा थर दिला तर पहिला सोलून निघतो. बारीक टोकांना लेप लावू नये. त्यांच्यावर नुसता पातळ रंग पुरतो.

पर्णसंभारासाठी सोलापुरात एक सोय आहे जी अन्यत्र इतक्या सहज मिळत नाही. पूर्व भागात आणि अक्कलकोट रस्त्यावरील औद्योगिक वसाहतीत चादरी आणि टॉवेल विणणारे यंत्रमाग आहेत, आणि मागावरून निघालेल्या रंगीत सुताचे तुकडे कचऱ्यात जातात. हिरव्या, खाकी आणि करड्या छटांचे असे सूत विचारून आणावे. कात्रीने त्याचे एक-दोन मिलिमीटरचे तुकडे करून डबीत भरून ठेवले की गवतासाठी आणि बारीक पानांच्या झाडांसाठी उत्तम सामान होते. कडुलिंबासाठी मात्र माझी पसंती फोमला आहे. सुताचे तुकडे एकमेकांत अडकून लोकरीसारखा गुंता दिसतो, आणि कडुलिंबाचा दाट माथा त्यात हरवतो. पॅकिंगचा किंवा जुन्या गादीचा फोम लहान तुकडे करून पाण्यासह जुन्या मिक्सरमध्ये फिरवावा. कोरडा फिरवला तर तो भांड्याच्या कडेला चिकटतो आणि मोटर तापते. स्वयंपाकाचे भांडे या कामाला वापरू नये. वाटलेला फोम पिळून घ्यावा, पातळ केलेल्या रंगात तासभर भिजवावा, पुन्हा पिळून वर्तमानपत्रावर सावलीत वाळवावा आणि मग रव्याच्या व पिठाच्या अशा दोन चाळण्यांनी चाळून जाड आणि बारीक असे वेगळे करावे.

फोम थेट तारांना चिकटवला तर प्रत्येक टोकाला वेगळा गोळा तयार होतो. त्यामुळे आधी मधला जाळीदार थर द्यावा. उशांमध्ये भरतात तो रेक्रॉनचा कापूस काळपट तपकिरी रंगात बुडवून वाळवावा, आरपार दिसेल इतका विरळ ओढावा आणि फांद्यांच्या टोकांवर अलगद बसवावा. वाळलेल्या घोसाळ्याचा आतील जाळीदार गाभा सुटा करूनही हेच काम होते, आणि त्याचे तंतू ताठ असल्याने तो आकार अधिक चांगला धरतो. त्यावर दोन भाग फेविकॉल आणि एक भाग पाणी असे मिश्रण ब्रशने हलकेच टेकवावे, झाड वर्तमानपत्रावर धरून आधी जाड फोम आणि मग वरच्या बाजूने बारीक फोम भुरभुरावा, आणि झाड उलटे टांगून वाळवावे. खाली पडलेला फोम पुन्हा डबीत जातो. वाळल्यावर फुंकर मारून सैल कण काढावेत आणि जेथे माथा फार भरला असेल तेथे चिमट्याने थोडा फोम उचलून मोकळी जागा करावी.

बाभळीचे खोड कडुलिंबाप्रमाणेच, पण निम्म्या तारांचे करावे. तिचा माथा पसरट आणि विरळ असतो, फांद्या आडव्या जातात आणि पाने अतिशय बारीक असतात. म्हणून येथे फोमऐवजी कातरलेले सूत वापरावे, आणि तेही इतके थोडे की पलीकडचे दिसावे. नान्नजच्या माळाकडे जाताना दिसणारी एकाकी बाभूळ डोळ्यांसमोर ठेवली की हात आवरतो. रामकाठी बाभूळ मात्र उभट, सुरूसारख्या बांध्याची असते. शेतघराच्या मॉडेलमध्ये बांधावर ती शोभते.

अशोकासाठी वेगळी युक्ती आहे. दोन बारीक तारा समांतर ठेवून त्यांच्यामध्ये दोन सेंटीमीटर लांबीचे हिरवे सुताचे धागे आडवे, एकमेकांना लागून मांडावेत, तारांची एक बाजू पक्कडीत व दुसरी हँड ड्रिलमध्ये धरून हळूहळू पिळावी. बाटली धुण्याच्या ब्रशसारखा आकार तयार होतो. तो कात्रीने खाली रुंद, वर निमुळता असा कातरून त्यावर पातळ फेविकॉल आणि अगदी बारीक फोम द्यावा. एका संध्याकाळी कुंपणाची पूर्ण रांग तयार होते.

1:200 मध्ये तारा पिळण्याचा खटाटोप करण्याची गरज नाही. बियांवर आलेल्या शेपूची, बडीशेपेची किंवा कोथिंबिरीची वाळलेली छत्री थेट गुलमोहरासारखी दिसते, आणि तुळशीची वाळलेली मंजिरी अशोकाचे काम करते. अशा काड्या ठिसूळ असतात, त्यामुळे ताज्या असतानाच एक भाग ग्लिसरीन आणि दोन भाग पाणी यांत काही दिवस ठेवून मग वाळवाव्यात, आणि बिया झाडून टाकाव्यात, कारण बिया राहिल्या तर कीड लागते. 1:500 मध्ये टाचणीवर खोवलेला फोमचा किंवा थर्माकोलचा गोळा पुरेसा असतो.

रंगाच्या बाबतीत संयम हवा. आपल्याकडील झाडांचा हिरवा रंग वर्षातील बराच काळ धुळीने करडा झालेला असतो, आणि डबीतील हिरव्या रंगात थोडा तपकिरी व थोडा राखाडी मिसळल्याशिवाय तो खरा वाटत नाही. पाहणाऱ्याची नजर आधी इमारतीवर जायला हवी. म्हणून झाडांचा रंग भिंतींच्या रंगापेक्षा फिका आणि मवाळ ठेवावा. संपूर्ण पांढऱ्या मॉडेलमध्ये पाने न लावता नुसत्या लेपलेल्या तारांची पांढरी झाडे ठेवली तर फारच देखणी दिसतात. फुललेला लाल गुलमोहर संपूर्ण आवारात एकच असू द्यावा.

झाडे कुठे रोवायची हा प्रश्न सजावटीचा मानू नये. सोलापूर सुमारे 17.7 अंश उत्तर अक्षांशावर आहे, त्यामुळे मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास भर दुपारी सूर्य थेट डोक्यावर येतो आणि ऑगस्टच्या आरंभापर्यंत दुपारच्या वेळी किंचित उत्तरेकडे असतो. याचा अर्थ, ऐन उन्हाळ्यात दक्षिणेला लावलेल्या झाडाची सावली दुपारी त्याच्याच बुंध्याशी पडते. दक्षिणेची भिंत त्या झाडाने झाकली जात नाही. खरा ताप पश्चिमेकडून, तिसऱ्या प्रहरी येतो. मे महिन्यात दुपारी चारच्या सुमारास सूर्य क्षितिजापासून साधारण 39 अंशांवर, पश्चिमेच्या थोडा उत्तरेला असतो, आणि सावली वस्तूच्या उंचीच्या सुमारे सव्वापट लांब होऊन पूर्वेकडे पडते. म्हणजे दहा मीटरचा कडुलिंब पश्चिमेला सहा-सात मीटरवर असेल तर त्या वेळी त्याची सावली भिंतीवर चढते.

हे मॉडेलवरच तपासून घेता येते. अंधाऱ्या खोलीत मॉडेल ठेवावे, त्यावर 10 सेंटीमीटरची काडी उभी करावी आणि निदान दोन मीटर दूर धरलेल्या टॉर्चची उंची अशी जुळवावी की काडीची सावली साडेबारा सेंटीमीटरच्या आसपास भरेल. टॉर्च पश्चिमेच्या बाजूला, किंचित उत्तरेकडे हवा. मग झाडे एकेक सरकवून खिडक्यांवर आणि अंगणातल्या ओट्यावर सावली कशी येते ते पाहावे, आणि जागा ठरली की पेन्सिलने खूण करावी. ज्यूरीत झाडांच्या जागेबद्दल विचारले गेले, तर टॉर्च लावून दाखवलेले हे उत्तर कोणत्याही तक्त्यापेक्षा चटकन पटते.

खुणेवर खुंटीच्या जाडीपेक्षा किंचित मोठे छिद्र पाडून झाडाची खुंटी त्यात बसवावी. तळ सनबोर्डचा, म्हणजे हलक्या फोमच्या पाटीचा, असेल तर दाभणाने, एमडीएफचा, म्हणजे दाबलेल्या लाकडी तंतूंच्या फळीचा, असेल तर ड्रिलने छिद्र पाडावे. छिद्रात गोंद घालू नये. खुंटीभोवती सुताचे दोन वेढे दिले की झाड घट्ट बसते आणि आराखड्यात बदल झाला तर उपटून दुसरीकडे लावता येते. रस्त्याकडेची रांग सोडली तर अंतरे समान ठेवू नयेत, आणि प्रवेशद्वारासमोर दाट माथ्याचे झाड लावू नये. बुंध्याशी तपकिरी सुताची चिमूटभर कातर टाकली की मुळांचा आणि जमिनीचा सांधा झाकला जातो. मॉडेल रिक्षातून किंवा एसटीने न्यायचे असल्यास झाडे आधीच काढून थर्माकोलच्या जाड पाटीत खोचावीत, प्रत्येकाजवळ तळावरील छिद्राचा क्रमांक लिहावा, आणि दोन-तीन झाडे जास्तीची करून त्याच पाटीत सोबत ठेवावीत.