कमी पगारात कर्ज फिटत नाही? या चुका टाळा

चाकण-भोसरीकडच्या कंपनीत कंत्राटावर काम करणाऱ्याच्या हातात महिन्याला चौदा हजार पडतात, असं धरा. खोलीभाडं, किराणा, गॅस, पोरांची फी. यातून कर्ज फेडणाऱ्याला 'खर्च कमी करा' असं सांगणं म्हणजे त्याची चेष्टाच. चूक बहुधा वेगळीच असते: उरलेला थोडका पैसा नको त्या कर्जावर जातो.

जो दारात येऊन जास्त ओरडतो त्याला आधी द्यायचे, ही सगळ्यांत महागात पडणारी सवय. आधी फेडायचं ते ज्याचं व्याज जास्त ते. सावकाराकडून १०,००० शेकडा दहाने घेतले, तर महिन्याला १,००० नुसतं व्याज. दहा महिन्यांत मुद्दलाएवढे पैसे गेले आणि मुद्दल जागच्या जागी. असा सावकार गोडच बोलतो. त्याला मुद्दल परत नकोच असतं. इकडे कपाटात गंठण पडून असतं, कारण सोनं गहाण टाकलं की चारचौघांत नाक कापलं जातं. बँकेच्या सोनेतारणाला त्याच दहा हजारांवर महिन्याला शंभराच्या आसपास व्याज बसतं. सावकाराला जाणारे १,००० तिथे भरले, तर साधारण अकरा महिन्यांत गंठण सुटतं. विनापरवाना सावकारी २०१४ च्या कायद्याने गुन्हा आहे. तक्रार सहकार खात्याच्या सहायक निबंधकांकडे करता येते.

'फक्त शेकडा दोन' ऐकूनही भुलू नका. २४,००० घेतले, बारा हप्ते २,४८० चे. व्याज शेवटपर्यंत पूर्ण चोवीस हजारांवर लागतं, मुद्दल मात्र दरमहा कमी होत असतं. खरा दर वर्षाला एकेचाळीस टक्क्यांच्या वर जातो.

एका फायनान्सचा हप्ता भरायला दुसऱ्या फायनान्सचा गट धरू नका. रिझर्व्ह बँकेच्या नियमांप्रमाणे मायक्रोफायनान्सचं (विनातारण छोटं) नवं कर्ज देताना घरातले सगळे हप्ते मिळून उत्पन्नाच्या निम्म्यावर जाता कामा नयेत. हे कर्ज मुदतीआधी फेडलं तर दंड नाही. या कर्जाच्या वसुलीचा फोन सकाळी नऊच्या आधी किंवा संध्याकाळी सहानंतर करता येत नाही. कंपनी दाद देत नसेल तर रिझर्व्ह बँकेचा १४४४८ नंबर आहे.

दवाखान्यासाठी उसने काढण्याआधी पगाराची पावती बघा. पगार २१,००० पर्यंत असेल आणि ईएसआय, म्हणजे कामगार विमा, कापला जात असेल (चौदा हजारांवर १०५ रुपये), तर कुटुंबाच्या उपचाराचे पैसे आपण आधीच भरतोय. ईएसआयच्या दवाखान्यात रांग लांब असते, हे खरं. पण खासगीत अॅडमिट होऊन झालेलं बिल पुढे वर्षभर फेडत बसावं लागतं.

आणि शेवटचा हप्ता भरला की तसंच घरी जाऊ नका. कर्ज फिटल्याचा दाखला, सही केलेले कोरे चेक आणि स्टॅम्पपेपर हातात घेऊनच उठा.